माझ्या पायाची लेव्हल

मंगळवारी सकाळी साडेसात वाजता आमचं घर हलायला लागलं.

घर राजारामपुरीत आहे, दोन मजली आहे आणि बावीस वर्षांपूर्वी मीच बांधलेलं आहे. गेली चौतीस वर्षं मी कोल्हापुरात आणि हातकणंगल्याकडं लोकांची घरं बांधतोय, आणि या धंद्यात माझं नाव एका गोष्टीसाठी आहे. माझ्या पायाला लेव्हल कळते. बाकीचे कंत्राटदार फरशी बसली की लेव्हल पाईप लावतात (पाणी भरलेला पारदर्शक पाईप, दोन्ही टोकांना पाणी सारखं आलं की फरशी सरळ). मी चप्पल काढतो, खोलीत एक फेरी मारतो आणि सांगतो, "त्या कोपऱ्यात दोन सूत खाली गेलीय." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मग मारुती मिस्त्री, जो पहिल्या घरापासून माझ्याकडं आहे, तो पाईप लावून बघतो आणि माझंच खरं निघतं. निदान मारुती तसं सांगतो.

तर अशा माणसाच्या पायाखाली घर हललं, तेव्हा त्यानं ते घरावर ढकललं यात नवल नाही. पण आधी बोटीचं सांगायला हवं.

आमच्या लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून लेकीनं, स्नेहलनं, आम्हाला बोटीची सहल भेट दिली. मुंबईहून निघायचं, तीन दिवस समुद्रात फिरायचं, परत मुंबई. मी म्हटलं, "रंकाळ्यातली होडी बास हाय की आम्हाला." पण तिकिटं काढून झाली होती. बोट सुटली आणि अर्ध्या तासात आमची ही, सुमन, आडवी झाली. तीन दिवस ती केबिनमध्ये लिंबू हुंगत पडली होती. मी मात्र ठणठणीत. आम्ही जैन, अंधार पडल्यावर जेवत नाही, म्हणून मी साडेपाचलाच एकटा जेवणाच्या हॉलमध्ये जायचो. बोट डावीकडं कलली की मी आपोआप उजवीकडं जायचो. ताटातली आमटीसुद्धा सांडली नाही. मग केबिनमध्ये परत येऊन मी हिला समजावून सांगायचो.

"पायात लेव्हल लागते, सुमन. सगळ्यांच्या पायात नसते ती."

"जावा बघू तिकडं," ती लिंबू नाकाशी धरूनच म्हणायची.

"बोट कलली की माझ्या पायाला आधी कळतं, डोक्याला नंतर. तुझं उलटं हाय."

तिसऱ्या दिवशी तिनं उत्तर देणंही सोडलं. मला वाटलं, तिला पटलं.

मुंबईला बोटीतून उतरलो तो टॅक्सीत बसलो, टॅक्सीतून रेल्वेत. कोल्हापूर स्टेशनवर उतरलो तेव्हा प्लॅटफॉर्म जरा डुलल्यासारखा वाटला, पण तो प्लॅटफॉर्म मी बांधलेला नव्हता म्हणून मी तिकडं लक्ष दिलं नाही. रिक्षात सगळं ठीक होतं. घरी आलो, चप्पल काढली, हॉलच्या फरशीवर पाय ठेवला आणि घर हललं. हललं म्हणजे धक्का बसला असं नाही. सावकाश वर, सावकाश खाली, मग जरा डावीकडं, आणि परत पहिल्यापासून.

"सुमन, घर हलालंय."

"काय हलत न्हाय. चहा घ्या."

चहा घेतला. कपातला चहा स्थिर होता. मी बराच वेळ कपाकडं बघत बसलो. घर हलतंय आणि चहा हलत नाही, म्हणजे कप आणि घर एकाच वेळी, एकाच दिशेला हलत असणार, असा मी निष्कर्ष काढला. (तो चुकीचा आहे हे मला आता माहीत आहे. तेव्हा फार शास्त्रीय वाटला होता.)

साईटवर जायला स्कूटर काढली. स्कूटर चालू लागली आणि सगळं थांबलं. इतकं स्वच्छ, स्थिर वाटलं की मी मनात म्हटलं, बघा, माझ्यात काही दोष नाही, दोष घरातच आहे. सिग्नलला पाय टेकला की रस्ता डुलायचा, हिरवा दिवा लागला की थांबायचा. साईटवर तिसऱ्या मजल्यावर उभा राहिलो, तर तीही इमारत हलत होती. बहिणीकडं गेलो, तिथंही तेच. बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, दर्शनाला गेलो, तर देवासमोर पाय जुळवून उभं राहता येईना. बहिणीचं घर मी बांधलेलं. बस्तीतली नवी फरशी मी बसवलेली. दोन दिवस मी यावर विचार केला. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, सगळीकडं उभा राहणारा माणूस एकच आहे. मी म्हटलं, सगळीकडं कंत्राटदार एकच आहे.

आणि मग मला हातकणंगल्याचं घर आठवलं.

स्नेहलचे सासरे, रावसाहेब मगदूम, यांचं नवं घर मी नुकतंच पुरं केलं होतं. रविवारी गृहप्रवेश होता. स्नेहल, जावई, दीड वर्षाची नात आणि व्याही-विहीण अशी पाच माणसं तोवर शेजारच्या जुन्या पत्र्याच्या दोन खोल्यांत राहत होती, आणि मार्च संपत आला होता. मी शनिवारी मारुतीला घेऊन हातकणंगले गाठलं. चप्पल काढून फेरी मारली. घर बोटीसारखं डुलत होतं.

"पाईप लाव," मी म्हटलं.

मारुतीनं चारही खोल्यांत पाईप लावला. "मालक, पाणी सरळ हाय."

"पाईपमध्ये हवा असंल."

"हवा न्हाय, मालक."

"मग पाणी बदल."

मारुतीनं पाण्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि पाईप गुंडाळायला घेतला. त्यानं मला कधीच उलट उत्तर दिलेलं नाही, त्या दिवशीही दिलं नाही.

रविवारी साठेक माणसं जमली. खाली स्वयंपाकघरात विहीणबाईंनी नव्या शेगडीवर दुधाचं पातेलं ठेवलं होतं. नव्या घरात पहिलं दूध उतू जाऊ द्यायचं, म्हणजे घरात कशाला कमी पडत नाही. ते तापेपर्यंत वरच्या हॉलमध्ये कंत्राटदाराचा सत्कार उरकून घ्यावा असं ठरलं. रावसाहेबांनी मला फेटा बांधला, खांद्यावर शाल टाकली आणि हातात नारळ दिला. आता एका जागी स्थिर उभं राहून चार कौतुकाचे शब्द ऐकायचे होते. स्थिर उभं राहणं हीच तर माझी अडचण होती. रावसाहेब बोलायला लागले, "आमच्या पाटील पावण्यांचं काम म्हंजे..." आणि हॉल वर गेला, खाली आला आणि डावीकडं कलला. समोर साठ माणसं, त्यांत माझी नात. माझ्या तोंडून निघून गेलं:

"सगळ्यांनी खाली उतरा. घर हलालंय."

दुसरं कुणी म्हणालं असतं तर लोक हसले असते. पण ज्यानं बांधलं तोच नारळ टाकून जिन्याकडं पळालाय म्हटल्यावर कुणी विचारायला थांबलं नाही. दोन मिनिटांत सगळं घर रिकामं झालं. लोक समोरच्या उसाच्या बांधावर ओळीनं उभे राहिले आणि घराकडं बघायला लागले. काहींच्या हातात लाडू होते, काहींनी मोबाईल धरले होते. अर्धा तास झाला. घर काही पडेना. लाडू संपले. आत दूध उतू गेलं, मग करपलं, आणि खिडकीतून काळा धूर यायला लागला. तो बघून मागचा एक जण म्हणाला, "आता पडंल बघा." तेही झालं नाही.

रावसाहेब माझ्याजवळ आले. हळू आवाजात म्हणाले, "पावणं, घेतलीया काय?"

"रावसाहेब, आमच्या घरात लसूण खात न्हाईत."

"मग असं डुलताय का?"

"मी न्हाय डुलत. घर डुलालंय."

"मग पडंना का?"

"पडंल की," मी म्हटलं. एवढं बोलायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी इंजिनिअर आणला. त्यानं सगळं तपासून सांगितलं की घरात काही दोष नाही. पण विहीणबाईंनी इंजिनिअरचं ऐकलं नाही. "ज्यानं बांधलं त्योच म्हणतोय पडंल. त्यानंच हितं उभं ऱ्हाऊन 'सरळ हाय' म्हणावं, मग मी दूध ठेवते," त्या म्हणाल्या. नव्या घराला कुलूप लागलं. पाच माणसं पत्र्याखाली परत गेली.

स्नेहलचा फोन आला. "अण्णा, एकदा या आणि सरळ हाय म्हणून जावा. पोरीला घामोळं उठलंय."

"मला हलल्यासारखं वाटतंय, स्नेहल. मी कसं म्हणू?"

"खोटं म्हणा."

"लेव्हलबद्दल मी खोटं बोलत न्हाय."

तिनं फोन ठेवला आणि आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. आईला मात्र ती रोज संध्याकाळी फोन करायची, तेवढ्या वेळात मी बाहेर कट्ट्यावर जाऊन बसायचो. मला फार वाईट वाटत होतं. नातीचा आवाज फोनमधून बाहेर ऐकू यायचा, तेव्हा तर जास्तच.

या काळात माझ्यावर उपचार झाले नाहीत असं नाही. हिच्या वहिनीनं पित्त म्हणून मोरावळा दिला. एका डॉक्टरांनी मणका म्हणून मानेला पट्टा बांधला, त्यामुळं मला माझे पायच दिसेनासे झाले. दुसऱ्यांनी कान धुवून दिले. कान धुतल्यावर मला लांबचं बोलणं ऐकू यायला लागलं, पण त्यात बहुतेक बोलणं माझ्याच विषयी होतं. घर मात्र हलायचं ते हलतच होतं.

बरं वाटायचं ते फक्त गाडीत. हे कळल्यावर मी एक उपाय शोधला. सकाळी जेवण करून स्टँडवर जायचं, गारगोटीची एसटी पकडायची, खिडकीपाशी बसायचं. एसटी हादरत, आदळत निघाली की माझं सगळं शांत व्हायचं. गारगोटीला उतरायचं, डुलत डुलत चहा घ्यायचा, परतीची गाडी धरायची. दहा-बारा दिवस मी हे केलं. कंडक्टर ओळखीचा झाला. त्याला वाटायचं माझं तिथं कोर्टात काम आहे.

एका सकाळी हिनं धुण्याच्या शर्टाच्या खिशातून तिकिटं काढून टेबलावर मांडली.

"गारगोटीला कोण हाय?"

"कोण न्हाय."

"मग रोज कुणाला भेटाय जाताय?"

"कुणाला न्हाय. चहा पितो आणि परत येतो."

तीस वर्षं संसार केलेल्या बाईला हे उत्तर पटेल अशी माझी अपेक्षा नव्हती. दुसऱ्या दिवशी ती पिशवी घेऊन माझ्याबरोबर एसटीत बसली. गारगोटीपर्यंत फक्त माझ्याकडं बघत होती. मध्ये एका थांब्यावर गाडी बंद पडली आणि दहा मिनिटं उभी राहिली. मी पुढच्या सीटचा दांडा घट्ट धरला. गाडी निघाली, मी दांडा सोडला. गारगोटीच्या स्टँडवर उतरलो आणि मी परत दांडा शोधायला लागलो. शेवटी तिचा खांदा धरला.

"हे स्टँड बी तुम्हीच बांधलंय काय?" तिनं विचारलं.

"न्हाय."

"मग हे का हलालंय?"

बोटीवरून उतरल्यापासून वीस-बावीस दिवसांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, आणि मी स्वतःलाही विचारला नव्हता.

"घराचं न्हाय, तुमचं हाय," ती म्हणाली. "बोटीतनं उतरल्यापास्नं हाय. उद्या डॉक्टर."

तिनं चौकशी करून राजारामपुरीतल्याच एका डॉक्टरीणबाईंचं नाव काढलं. त्या चक्कर आणि तोल याच विषयाच्या. त्यांनी माझ्या डोळ्यांवर मोठा चष्मा चढवून डोळे कुठं कुठं जातात ते बघितलं, खुर्चीत फिरवलं, कानाची तपासणी केली, डोक्याचा फोटो काढायला लावला. सगळे रिपोर्ट चांगले आले. मला त्याचं वाईट वाटलं, कारण आता सांगायला काहीच नव्हतं. बाईंनी मात्र रिपोर्ट बाजूला ठेवून दोनच प्रश्न विचारले.

"गाडीत बसल्यावर बरं वाटतं का?"

"एकदम," मी म्हटलं. हिनं गारगोटीचं सगळं सांगितलं.

"आणि बोटीवर त्रास झाला होता?"

"मला? हिला झाला. मी अगदी ठीक होतो."

"तेच झालंय," बाई म्हणाल्या. "यांच्या मेंदूनं बोटीशी जुळवून घेतलंच नाही, म्हणून उतरल्यावर त्या बऱ्या झाल्या. तुमच्या मेंदूनं फार चांगलं जुळवून घेतलं. तुम्ही घरं बांधता ना? स्लॅब टाकायच्या आधी खालून आधाराला सेंटरिंग बांधता, स्लॅब पक्का झाला की काढता. तुमच्या मेंदूनं बोटीसाठी सेंटरिंग बांधलं. बोट गेली, सेंटरिंग अजून उभं आहे. तो अजून बोटीवरच असल्यासारखा तुम्हाला सावरतोय, आणि जमीन स्थिर असल्यामुळं तुम्हाला ती हलल्यासारखी वाटते. गाडी हलते तेव्हा दोन्हींचं जुळतं, म्हणून बरं वाटतं."

मी ऐकत होतो. चौतीस वर्षांत मला एवढ्या सोप्या भाषेत कुणी काही समजावलं नव्हतं.

"म्हणजे हे डोक्यात आहे?" मी विचारलं.

"मेंदूत आहे. मनाचे खेळ नाहीत, आजार खरा आहे. बोटीवरून उतरल्यावर एक-दोन दिवस बऱ्याच लोकांना होतं आणि जातं. थोड्यांचं राहतं."

"किती दिवस?"

"तुमचा स्लॅब किती दिवसांनी मोकळा करता?"

"मोठा असला तर एकवीस."

"याला तारीख नाही. काही आठवडे, काही महिनेसुद्धा. आणि गारगोटी बंद. तिथं बरं वाटतं ते गाडीपुरतं."

उपचार असा होता. आठवडाभर रोज त्यांच्या दवाखान्यात एका अंधाऱ्या खोलीत बसायचं. समोरच्या पडद्यावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या सरकत राहायच्या, आणि एक मुलगी माझं डोकं दोन्ही हातांत धरून सावकाश डावीकडं-उजवीकडं झुकवायची. बाईंनी आधीच सांगितलं की हे सगळ्यांना लागू पडतंच असं नाही, करून बघू. थोडे दिवस एक बारीक गोळी दिली, झोप पुरी करायला सांगितली. आणि घरी व्यायाम. कोपऱ्यात गादीची दुहेरी घडी टाकायची, तिच्यावर पाय जुळवून उभं राहायचं, डोळे मिटायचे आणि पडायचं नाही.

व्यायामाची देखरेख हिच्याकडं होती. ती खुर्ची टाकून भाजी निवडत बसायची आणि आकडे मोजायची. पहिल्या दिवशी मी सहापर्यंत टिकलो आणि कपाटावर जाऊन आदळलो.

"पायात लेव्हल लागते, अहो," ती शेंगेचा दोरा काढत म्हणाली. "सगळ्यांच्या पायात नसते ती."

मी परत गादीवर चढलो.

एकदा मारुती साईटचं काहीतरी विचारायला आला. मालक कोपऱ्यात गादीवर डोळे मिटून उभे, मालकीण समोर बसून मोजतेय, हे त्यानं दारातून बघितलं आणि चप्पल न काढताच परत गेला. साईटवर त्यानं कुणाला काय सांगितलं ते मला माहीत नाही, पण त्यानंतर माझ्यासमोर गवंडी फार हळू बोलायला लागले.

फरक पडला, पण सरळ रेषेत नाही. पट्ट्यांच्या आठवड्यानंतर पायाखालची मोठी बोट गेली आणि होडी राहिली. मग एक दिवस होडीही लहान झाली, आणि दुसऱ्या दिवशी मोठी बोट परत आली. मी हिरमुसलो. बाई म्हणाल्या, होतं असं. मी गादीवर चाळीस मोजेपर्यंत राहायला लागलो, मग साठ. मे महिना निम्मा झाला होता. स्नेहल आता माझ्याशी फोनवर बोलायची, पण घराचा विषय काढायची नाही, आणि ते जास्त लागायचं.

मग एका सकाळी मी अंथरुणातून उठलो, फरशीवर पाय ठेवले, आणि काही झालं नाही. मी तसाच उभा राहिलो. घर उभं होतं. मी कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्या दिवशी मी हिला म्हटलं, "सुमन, घर थांबलं." तिनं हातातलं लाटणं ठेवलं आणि डोळ्याला पदर लावला. मी म्हटलं, "रडतीस का?" ती म्हणाली, "कांदा," आणि आमच्या घरात कांदा येत नाही.

लगेच हातकणंगल्याला जायला मी घाबरत होतो, प्रवासानं परत सुरू झालं तर? पण पोरगी पत्र्याखाली होती. रविवारी गेलो. गाडीतून उतरल्यावर उसाच्या बांधावर अर्धा तास मुद्दाम थांबलो. मग रावसाहेबांनी कुलूप काढलं. मी चप्पल काढली आणि वरच्या हॉलमध्ये मधोमध जाऊन उभा राहिलो. भोवती व्याही, विहीण, जावई, नातीला काखेत घेतलेली स्नेहल. कुणी माझ्या तोंडाकडं बघत नव्हतं, सगळे माझ्या पायांकडं बघत होते. मी डोळे मिटले. मनात साठपर्यंत मोजलं.

"सरळ हाय," मी म्हटलं. "आणि त्या दिवशीबी सरळच हुतं. चूक माझी. माफ करा."

स्नेहल पुढं आली आणि माझ्या दंडाला धरून उभी राहिली. रावसाहेब म्हणाले, "पावणं, बोटीवर आता परत जाऊ नका," आणि आम्हाला खाली घेऊन गेले.

विहीणबाईंनी नवीन पातेलं काढलं. शेगडी पेटवली, दूध ठेवलं, कडेला हळद-कुंकू वाहिलं. आम्ही सगळे ओट्यापाशी गोळा झालो. दूध वर आलं, काठापर्यंत फुगलं, आणि चारही बाजूंनी एकदम सारखं उतू गेलं. इकडं थेंब जास्त नाही, तिकडं कमी नाही. याहून चांगली लेव्हल कुठला पाईप दाखवणार? मी रावसाहेबांकडं बघितलं. माझी छाती जरा फुगली, खोटं कशाला सांगू.

"बघितलंत?" मी म्हटलं. "ह्याला म्हंत्यात ओटा."

"अय्या, चारी बाजूला गेलं की," आमची ही म्हणाली. ती खरंच चकित झाली होती. "आमच्यात कायम माझ्याच अंगावर येतंय."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हटलं, तू पातेलं वाकडं ठेवत असशील.

घरी आलो. स्वयंपाकघरात गेलो आणि शेगडी उचलून बघितली. हिच्या बाजूच्या दोन पायांखाली एक लग्नपत्रिका चार घड्या करून सारलेली होती, तेलानं पिवळी पडलेली. मी मारुतीला फोन करून बोलावलं. त्यानं ओट्याच्या दोन टोकांना पाईप धरला. हिच्या बाजूला चार सूत उतार. अर्धा इंच. मी परत बघितलं, पाणी बदललं, हवा काढली. अर्धा इंच.

"मारुती, हे तुला माहीत हुतं?"

मारुती पाईपकडं बघत म्हणाला, "तुम्ही पायानं बघितलं हुतं न्हवं, मालक. मग मी पाईप लावला न्हाय."

तो गेल्यावर मी हिला विचारलं, "बावीस वर्षं दूध अंगावर घेतलंस, आणि मला एकदा सांगायचं न्हाय?"

"सांगितलं की. ऱ्हायला आलो त्याच दिवशी." ती पत्रिकेची घडी परत नीट करत होती. "तुम्ही चप्पल काढून हितं उभं ऱ्हायला आणि म्हणाला, ओटा सरळ हाय, शेगडी वाकडी हाय. तवापास्नं तीन शेगड्या बदलल्या."

मी ओट्यापाशी अनवाणी उभा राहिलो. पायाला काही म्हणजे काही कळत नव्हतं. घर अजिबात हलत नव्हतं, आणि जरासं हललं असतं तर बरं झालं असतं, असं मला त्या दिवशी पहिल्यांदाच वाटलं.